आटणारे सरोवर आणि बुडालेला सरदार

एकाच जमिनीवर वर्षातले काही महिने होडी घालून मासे धरावेत, पुढे तिथेच विळा घेऊन गवत कापावे, जमले तर थोडेफार धान्य पेरावे, सशा-हरणांमागे धावावे आणि पाऊस लागला की पुन्हा तिथेच होडी लोटावी, असे कोणी सांगू लागले तर आपण म्हणू, बुवा गप्पा बऱ्या मारतात! पण अशी जमीन खरोखरच आहे. इटलीच्या ईशान्येला स्लोव्हेनिया नावाचा चिमुकला देश आहे; आपल्या पुणे जिल्ह्याहून थोडाच मोठा. त्याच्या नैर्ऋत्येकडच्या डोंगराळ भागात त्सेर्क्नित्सा नावाचे गाव आहे आणि गावाच्या शेजारी त्याच नावाचे सरोवर. सरोवर आहे असे तरी कसे म्हणावे? शरद ऋतूतला पाऊस झाला म्हणजे दोन-तीन दिवसांत तिथे पाणी चढते आणि पाहता पाहता २६ चौरस किलोमीटरांचा जलाशय उभा राहतो. मोठ्या पुरात तो ३८ चौरस किलोमीटरांपर्यंत पसरतो. हिवाळाभर आणि वसंतात पाणी राहते. उन्हाळा आला की ते ओसरू लागते आणि काही आठवड्यांत तळाशी गवताचे कुरण तेवढे उरते. या सरोवरातून जमिनीवरून वाहत बाहेर जाणारी एकही नदी नाही. मग एवढे पाणी येते कुठून आणि जाते कुठे?

हा प्रश्न युरोपातल्या विद्वानांना अनेक शतके छळत होता. त्याचे उत्तर शोधण्यासाठी मशाल घेऊन डोंगराच्या पोटात शिरलेल्या एका माणसाची हकीकत मला यंदाच्या दिवाळीत सांगायची आहे. माणूस मोठा नादिष्ट होता. नादापायी त्याने घरदार घालवले. मी ते सरोवर डोळ्यांनी पाहिलेले नाही. पण त्या माणसाविषयी जे जे हाती लागले ते ते गेली काही वर्षे वाचत आलो आहे, आणि दर वेळी मनात येते की हा गृहस्थ आपल्या मुलांना माहीत असायला हवा.

आधी त्या दगडाविषयी दोन शब्द सांगायला हवेत, कारण सारी करामत दगडाची आहे. आपल्या महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्वालामुखीच्या रसापासून झालेल्या काळ्या पाषाणाचा. त्यामुळे गुहा म्हटली की आपल्यापुढे अजिंठा-वेरूळ येते. छिन्नी-हातोड्याने माणसाने कोरून काढलेली. चुनखडीचा दगड आपल्याकडे चंद्रपूर-यवतमाळच्या बाजूला सापडतो आणि तिथे सिमेंटचे कारखाने उभे राहिले आहेत. या चुनखडीला एक खोड आहे. दिसायला ती कठीण, पण आंबटपणापुढे तिचे काही चालत नाही. पावसाचे पाणी हवेतून आणि त्याहूनही अधिक मातीतून जाताना सोडावॉटरच्या बाटलीत भरतात तोच वायू शोषून घेते आणि किंचित आंबट होते. हे पाणी दगडाच्या भेगांत शिरले की भेगेच्या कडा विरघळवू लागते. एका पावसाळ्यात केसभरही फरक दिसत नाही. परंतु हजारो, लाखो वर्षांत त्या भेगेची नळी होते, नळीची गुहा होते, आणि शेवटी सबंध नद्या जमिनीवरचा मार्ग सोडून डोंगराच्या आतून वाहू लागतात. स्लोव्हेनियातल्या अशा एका प्रदेशाला तिथले लोक ‘क्रास’ म्हणतात. त्याचे जर्मन रूप ‘कार्स्ट’. आज जगातल्या कोणत्याही देशातल्या अशा भूमीला शास्त्रज्ञ कार्स्ट म्हणतात, आणि त्सेर्क्नित्सासारख्या सपाट तळाच्या, डोंगरांनी वेढलेल्या खोलगट जागेला ‘पोल्ये’. त्यांच्या बोलीत पोल्ये म्हणजे शेत. शेतकऱ्याच्या तोंडचा साधा शब्द अशा रीतीने शास्त्राच्या ग्रंथांत जाऊन बसला.

या सरोवराच्या तळाशी आणि काठाला विवरे आहेत. काही पाणी गिळतात, काही ओकतात आणि काही ऋतुमान पाहून दोन्ही उद्योग करतात. गावकऱ्यांनी त्यांना दिलेली नावे मोठी झकास आहेत. एकाचे नाव ‘रेशेतो’, म्हणजे चाळण. एकाचे ‘कोतेल’, म्हणजे मोठा हंडा. एक ‘वोदोनोस’, पाणक्या. यातला ‘वोदा’ हा आपल्या ‘उदका’चा दूरचा भाऊ लागतो. दोन विवरांना थोरला आणि धाकटा ‘बोब्नार’ म्हणतात, म्हणजे नगारा वाजवणारे; पाणी चढू लागले की त्यांतून नगाऱ्यासारखा घुमणारा आवाज येतो. आणि सरोवराच्या काठाशी, डोंगराच्या पायथ्याला ‘व्रान्या यामा’ नावाची गुहा आहे. व्रान्या यामा म्हणजे कावळ्यांची गुहा. एरवी ही गुहा कोरडी असते, माणूस खुशाल आत जाऊ शकतो. पण मोठा पाऊस झाला की आतून गडगडाट होतो आणि तिच्या तोंडातून पाण्याचा लोंढा उसळत बाहेर पडतो. तिच्याजवळच ‘सुहादोल्त्सा’ नावाचे दुसरे तोंड आहे, त्याचाही हाच खाक्या. म्हणजे झरा तोच, जागा तीच, पण वर्षातून ठराविक वेळीच जिवंत होणारा.

अशा जागी दंतकथा उगवल्या नाहीत तरच नवल! आणि अशा दंतकथांच्या देशात यान वायकार्ड वाल्वाझोर जन्माला आला.

त्याचा जन्म १६४१ सालचा, ल्युब्ल्याना शहरातला. त्या काळी हा सारा मुलूख कार्निओला या नावाने ओळखला जाई आणि तो ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्याच्या सत्तेखाली होता. घराणे सरदाराचे, भावंडांचा मोठा गोतावळा. वयाच्या सतराव्या वर्षी तो जेझुइट पाद्र्यांच्या शाळेतून बाहेर पडला आणि विद्यापीठात न जाता जग पाहायला निघाला. जर्मनी, इटली, फ्रान्स, उत्तर आफ्रिका असा तो वर्षानुवर्षे हिंडला. तुर्कांविरुद्धच्या लढाईत तलवार घेऊन उभा राहिला. जाईल तिथून पुस्तके, चित्रे, नाणी, यंत्रे गोळा करीत गेला. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले, त्यामुळे पदवी नसलेल्या या माणसाविषयी मला थोडा अधिक जिव्हाळा वाटत असेल, तर वाचकांनी तो समजून घ्यावा.

या भटकंतीत त्याच्या ध्यानात एक गोष्ट आली. परदेशात त्याच्या मुलखाचे नावसुद्धा कोणाला ठाऊक नव्हते. आपल्या देशात एवढे डोंगर, गुहा, नद्या, किल्ले, रीतिरिवाज असताना ते लिहून ठेवायला कोणी नाही, याची त्याला खंत वाटली. १६७२ साली लग्न करून त्याने बोगेनश्पेर्क नावाचा डोंगरमाथ्यावरचा वाडा विकत घेतला आणि १६७८ साली वाड्यातच तांब्याच्या पत्र्यावर चित्रे कोरून छापण्याचा कारखाना काढला. त्या प्रांतात असा कारखाना त्यापूर्वी नव्हता. कोरक्ये आणि चित्रकार यांना त्याने पदरी ठेवले. स्वतः मात्र वाड्यात बसून राहिला नाही. घोड्यावर बसून गावोगाव फिरला, नकाशे काढले, वाड्यांची चित्रे काढली, म्हाताऱ्यांना बोलते केले, आणि वाट दिसेल त्या गुहेत शिरला.

वाल्वाझोरच्या आधीही त्सेर्क्नित्साच्या सरोवरावर लिहिणारे होते. १६६९ साली एडवर्ड ब्राऊन या इंग्रज वैद्याने प्रवासात ते पाहून लंडनच्या रॉयल सोसायटीला त्याची हकीकत कळवली होती. पण पाहुणा पाहून गेला, एवढेच त्याचे स्वरूप. वाल्वाझोर घरचा माणूस. तो एकदा पाहून थांबला नाही. सरोवर भरताना, भरल्यावर आणि आटल्यावर तिथे काय काय घडते याची त्याने टिपणे केली. प्रत्येक विवराचे गावकऱ्यांच्या तोंडचे नाव त्याने जसेच्या तसे टिपले आणि नकाशावर घातले. कोळ्यांना ठाऊक होते की ही विवरे वाटेल तशी रिकामी होत नाहीत. आधी हे, मग ते, असा त्यांचा क्रम ठरलेला असतो. पाऊस आला नाही तर सुमारे २५ दिवसांत सरोवर रिते होते, हा हिशेब वाल्वाझोरने लिहून ठेवला. पाणी उतरू लागले की गावात घंटा कशी वाजते आणि बाया-पुरुष मासे धरायला पाण्यात कसे धाव घेतात, याचेही वर्णन त्याने केले.

कोळ्याला पिढ्यान्‌पिढ्या जे माहीत होते ते कागदावर आणण्यासारखे आहे, असे त्याच्याआधी कोणा लेखणीबहाद्दराला वाटले नव्हते. वाल्वाझोर कोळ्याच्या होडीत बसला, विवराच्या तोंडाशी गेला, पाणी ओसरल्यावर जिथे माणूस मावेल तिथे आत उतरला. त्या काळी गुहेत शिरणे म्हणजे काय, याची कल्पना आज विजेच्या बॅटरीच्या जमान्यात येणार नाही. हातात राळेची मशाल, पायाखाली निसरडा दगड, आणि बाहेर पाऊस सुरू झाला तर आत लोंढा केव्हा येईल याचा नेम नाही. ज्या गुहेचे तोंड हाच झऱ्याचा उगम आहे, त्या गुहेत माणूस पाण्याच्या मेहेरबानीने उभा असतो.

हे सारे त्याने एका लांबलचक पत्रात लिहून लंडनला धाडले. रॉयल सोसायटीने ते पत्र १६८७ च्या आपल्या नियतकालिकात छापले आणि त्याच वर्षी, १४ डिसेंबर रोजी वाल्वाझोरला सभासद करून घेतले. त्याच वर्षी न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. ज्या मंडळीत न्यूटन बसत असे, त्या मंडळीत कार्निओलाच्या आडरानातला, विद्यापीठाचे तोंड न पाहिलेला सरदार एका आटणाऱ्या सरोवराच्या जोरावर जाऊन बसला!

त्या पत्रात पाणी कसे येते-जाते याचे कारणही त्याने दिले आहे. त्याचे म्हणणे असे की डोंगरांच्या पोटात आणि सरोवराच्या खाली आणखी सरोवरे आहेत आणि ती वाकड्या नळ्यांनी एकमेकांना जोडलेली आहेत. आतले पाणी नळीच्या वळणाच्या वर चढले की ते एकदम वाहू लागते आणि पातळी नळीच्या तोंडाखाली गेली की थांबते. शाळेत आपण ज्याला वक्रनलिका म्हणतो तीच ही. दोन बादल्या आणि एक रबरी नळी घेऊन मी दर वर्षी वर्गात हा प्रयोग करून दाखवतो आणि मुलांना तो जादूसारखा वाटतो. मागे एकदा प्रयोगाबरोबर मी वाल्वाझोरची गोष्ट सांगितली, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, ‘‘पण सर, ती नळी डोंगराच्या आत असेल तर तिला वळण आहे हे त्यांनी पाहिलं कसं?’’

प्रश्न बिनतोड होता. पाहिले नव्हतेच. वाल्वाझोरला गुहेच्या आत जिथवर जाता आले तिथवरचे त्याने पाहून लिहिले. त्यापुढचे तर्काने रचले. आणि तिथेच त्याचे चुकले. सुमारे १०० वर्षांनी, १७८१ मध्ये, टोबियास ग्रुबर याने सांगितले की इतक्या नळ्या आणि वळणे कल्पायची गरज नाही. डोंगर भेगांनी आणि पोकळ्यांनी भरलेला आहे. पावसाने आत येणारे पाणी जेव्हा बाहेर जाणाऱ्या वाटांना पेलत नाही, तेव्हा दगडातली पातळी चढते आणि पाणी विवरांतून वर येते. पाऊस थांबला, आवक घटली, की तीच विवरे पाणी परत घेतात. तुंबलेल्या मोरीसारखा हा प्रकार आहे. आज शास्त्रज्ञ ढोबळमानाने हेच कारण मानतात.

इथे आपल्या वाचकांना राजापूरच्या गंगेची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. राजापूरजवळ उन्हाळे गावाच्या माथ्यावर १४ कुंडे आहेत. साधारणपणे तीन वर्षांनी तिथे गंगा अवतरते, काही आठवडे, कधी काही महिने राहते आणि नाहीशी होते. ती गंगा मी दोनदा पाहिली आहे. एकदा आलेली आणि एकदा गेलेली. आलेली असताना कुंडाकुंडांवर स्नानाची गर्दी होती. गेलेली असताना कोरड्या पायऱ्यांवर पाने पडली होती आणि एक कुत्रे निजले होते. दगड तिथला निराळा, आपला कोकणी जांभा, चुनखडी नव्हे. त्यामुळे त्सेर्क्नित्साचे उत्तर उचलून राजापूरला लावता येणार नाही. राजापूरच्या बाबतीतही वक्रनलिकेचेच कारण पुष्कळदा सांगितले जाते. ते ऐकताना मला त्या मुलीचा प्रश्न आठवतो.

वाल्वाझोरचा तर्क चुकला, तरी त्याचे पत्र टाकाऊ झाले नाही. ग्रुबरला जे सुधारता आले ते आधी कोणी तरी नेमके लिहून ठेवले होते म्हणून. विवरांची नावे, त्यांच्या जागा, भरण्याची आणि आटण्याची हकीकत या गोष्टी तर्काबरोबर कोसळल्या नाहीत.

आता ड्रॅगनची गोष्ट. त्सेर्क्नित्साचे पाणी भूमीखालून वाहत, मध्ये एकदोनदा उजेडात डोकावत, अखेर वर्ह्निका नावाच्या गावापाशी झऱ्यांतून बाहेर येते आणि ल्युब्ल्यानित्सा नदी होते. लपतछपत जाणाऱ्या या नदीला दर खेपेला नवे नाव मिळते. म्हणून तिला सात नावांची नदी म्हणतात. याच वर्ह्निकाजवळ ‘लिंत्वर्न’ नावाचा एक झरा आहे. लिंत्वर्न म्हणजे ड्रॅगन, पंख असलेला, आग ओकणारा महासर्प. झरा लहरी, मध्येच जोराने वाहायचा, मध्येच थांबायचा. लोक म्हणत, डोंगराच्या आत ड्रॅगन राहतो. पाण्याने त्याला त्रास झाला की तो ते बाहेर ढकलून देतो. आणि याला पुरावाही होता! पूर आला की झऱ्याच्या पाण्याबरोबर कधी कधी ड्रॅगनचे पिल्लू बाहेर येई. गावातल्या एकाला असे पिल्लू सापडले होते.

दोन प्रकारची माणसे अशा वेळी आपल्याला भेटतात. एक म्हणतो, ड्रॅगन आहेच, पूर्वजांनी काय खोटे सांगितले? दुसरा म्हणतो, सगळ्या अडाण्यांच्या भाकडकथा, चला पुढे. वाल्वाझोरने दोन्ही केले नाही. त्याने चौकशी केली. पिल्लू केवढे होते? वीतभर. दिसत कसे होते? सरड्यासारखे. तेव्हा त्याने लिहिले की हा ड्रॅगन वगैरे काही नाही. जमिनीखाली असले किडे-प्राणी असतात, त्यांतलाच हा एक. वीतभर प्राण्याची गोष्ट त्याने फेकून दिली नाही आणि त्याला पंखही लावले नाहीत. ग्रंथात तिची नोंद मात्र करून ठेवली. गुहेत राहणाऱ्या त्या अजब जिवाचा छापील पुस्तकातला हा पहिला उल्लेख समजला जातो.

१७६८ साली त्या प्राण्याला शास्त्रीय नाव मिळाले, प्रोटिअस अँग्विनस. तिथले लोक त्याला ‘माणूस-मासा’ म्हणतात, कारण त्याची कातडी गोऱ्या माणसाच्या कातडीसारखी फिकट गुलाबी असते. लांबी २० ते ३० सेंटिमीटर. पुढच्या पायांना तीन बोटे, मागच्यांना दोन. मानेजवळ तांबड्या पिसांसारखे कल्ले. डोळे कातडीखाली गेलेले, कारण मिट्ट काळोखात त्यांचा उपयोग तो काय? हा जीव साठ-सत्तर वर्षे सहज जगतो आणि वर्षानुवर्षे अन्नावाचून राहू शकतो. डार्विनने १८५९ च्या आपल्या ग्रंथात अंधाऱ्या जागी राहणाऱ्या प्राण्यांविषयी लिहिताना याचा दाखला दिला आहे. गावकऱ्यांचा ड्रॅगन खोटा ठरला, पण त्यांनी पाहिलेले पिल्लू शंभर टक्के खरे होते. निरीक्षण बरोबर, निष्कर्ष चूक; आणि गंमत पाहा, नळ्यांच्या बाबतीत खुद्द वाल्वाझोरचेही हेच झाले होते.

या माणसाला मी देव्हाऱ्यात बसवू इच्छीत नाही. ड्रॅगनला न भुललेला हा गृहस्थ इतर पुष्कळ गोष्टींना भुलला. सरोवरावर स्लिव्हनित्सा नावाचा डोंगर आहे; तिथे चेटकिणी जमतात, हे त्याने मोठ्या गांभीर्याने लिहिले आहे. क्रिंगा गावातला एक मेलेला माणूस रात्री उठून दारे ठोठावतो आणि १६७२ मध्ये गावकऱ्यांनी त्याचे थडगे उकरले, ही कथाही त्याचीच. सरोवराच्या गुहांतून पुराबरोबर बदके बाहेर येतात. ती आंधळी आणि जवळजवळ उघडी असतात, मग उजेडात त्यांना दिसू लागते आणि दोन-तीन आठवड्यांत पिसे फुटतात, असे त्याने रॉयल सोसायटीला कळवले होते. तो त्याच्या काळाचा माणूस होता. त्या काळात राहूनही, जिथे स्वतः जाऊन पाहता येत होते तिथे तो गेला, एवढी त्याची थोरवी. मला ती पुरेशी वाटते.

१६८९ साली त्याचा महाग्रंथ बाहेर पडला. ‘कार्निओलाच्या डचीचे वैभव’ असे त्याचे नाव. जर्मन भाषेत, न्यूरेंबर्गला छापलेला, १५ भाग, चार खंड, साडेतीन हजारांवर पाने आणि पाचशेहून अधिक तांबेपट चित्रे. भूगोल, इतिहास, गुहा, झाडे, चालीरीती, पेहराव, गावोगावचे वाडे, सर्व त्यात आहे. हा ग्रंथ कोणा राजाने लिहवून घेतला नव्हता. कोरक्यांचे पगार, कागद, प्रवास, छपाई, सारा खर्च त्याने पदरचा केला.

आणि त्या खर्चात तो बुडाला. ग्रंथाचे कौतुक झाले, पण त्यातून कर्ज फिटले नाही. १६९० मध्ये त्याने आपले ग्रंथालय झाग्रेबच्या बिशपला विकले. आयुष्यभर वेचून आणलेली पुस्तके आणि हजारो चित्रे त्यात होती. एक समाधान म्हणजे तो संग्रह झाग्रेबमध्ये टिकून राहिला. पुढे १६९२ मध्ये बोगेनश्पेर्कचा वाडाही गेला. तो क्रश्को नावाच्या लहानशा गावात राहायला गेला आणि १६९३ मध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी, तिथेच वारला. ज्या मुलखाचे वैभव त्याने लिहिले, त्या मुलखात त्याच्या मालकीचे फारसे काही उरले नव्हते. प्रपंची माणूस म्हणून पाहिले तर याला शहाणा म्हणवत नाही. त्याला मुलेबाळे होती, बायको होती. त्यांना या वेडाची किंमत द्यावी लागली. दिवाळीच्या दिवसांत, लक्ष्मीपूजनाच्या तोंडावर ही गोष्ट सांगताना माझा हातही थोडा अडखळतो. तरीपण वाटते, सावकाराच्या वह्या आज कोणी उघडत नाही, त्याचा ग्रंथ अजून उघडला जातो.

पुढच्या काळातली एक हकीकत सांगण्यासारखी आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीला काही मंडळींना वाटले, हे सरोवर बारमाही करावे. पाणी जिथून निसटते त्या कार्लोवित्सा गुहांच्या तोंडाशी त्यांनी सिमेंटकाँक्रीटच्या भिंती घातल्या. सरोवर काही बारमाही झाले नाही. दोन दारे लावून काय होणार, साऱ्या तळालाच चाळण असताना? ‘रेशेतो’ हे नाव ठेवणाऱ्या कोळ्यांना इंजिनियरांनी विचारायला हवे होते. पुढे १९७० च्या दशकात शास्त्रज्ञांनी पाण्यात रंग आणि खुणेची इतर द्रव्ये सोडून, कोणत्या विवरातले पाणी कोणत्या झऱ्याला निघते याचा माग काढला. तोपर्यंत वाल्वाझोरच्या पत्राला जवळजवळ ३०० वर्षे होत आली होती.

ड्रॅगनची पिल्लेही परत आली. पोस्तोय्ना येथील प्रसिद्ध गुहेत २०१६ साली काचेच्या टाकीतल्या एका प्रोटिअस मादीने अंडी घातली. काळोखात, आवाज न करता, महिनोन्‌महिने माणसांनी त्यांच्यावर पहारा ठेवला आणि २२ पिल्ले अंड्यांतून बाहेर आली. वर्तमानपत्रांनी त्यांना काय नाव दिले असेल? ड्रॅगनची बाळे!

१९९१ मध्ये स्लोव्हेनिया स्वतंत्र झाला आणि त्याने आपले चलन काढले. १९९२ च्या २० तोलारच्या नोटेवर वाल्वाझोरचे चित्र छापले आणि १० स्तोतिनच्या नाण्यावर प्रोटिअस कोरला. कर्जापायी ज्याचा वाडा गेला तो माणूस नोटेवर आणि ज्याला त्याने ड्रॅगन म्हणायचे नाकारले तो वीतभर प्राणी नाण्यावर! २००७ साली युरो आला आणि ती नोट, ते नाणे दोन्ही व्यवहारातून गेली. सरोवर मात्र पूर्वीसारखेच भरते आणि आटते.

आमच्या शाळेच्या मागच्या टेकडीला एक झरा आहे. पावसाळ्यात फुटतो आणि उन्हाळ्याच्या आत बंद होतो. शेजारच्या वाडीतल्या एक आजी सांगतात, शिमग्याची पालखी घरी येऊन गेली की झऱ्यातली देवी माहेरी जाते. गेल्या वर्षापासून मुलांनी त्या झऱ्याची वही घातली आहे. पान उभे दुमडून दोन रकाने केले आहेत. डावीकडे ‘आजी काय म्हणाल्या’, उजवीकडे ‘आपण काय पाहिले’. पहिल्या वर्षी झरा पालखीनंतर नऊ दिवसांनी बंद झाला. मुलांनी दोन्ही रकाने भरले आणि खाली तारीख घातली. कारणासाठी तिसरा रकाना ठेवा, असे मी सुचवले होते. ती मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, ‘‘तो अजून नको, सर. आधी वही भरू दे.’’